शेतीच्या गावातली हवा कधी आणि का बिघडते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाकडची हवा म्हणजे चांगली हवा, हे आपण इतकं धरून चालतो की दरवर्षी त्याच दिवसांत घरोघरी खोकला सुरू झाला तरी हवेकडे कोणी बोट दाखवत नाही, वातावरण बदललं म्हणतात आणि सोडून देतात. पण शेतीच्या भागातली हवा शेतीच्या कामांबरोबर बदलते. काढणी, मळणी, नांगरणी, खत, फवारणी, प्रत्येकाचा हवेवर आपापला परिणाम असतो आणि ही कामं कधी निघतात हे गावातल्या प्रत्येकाला पाठ असतं, म्हणजे वाईट दिवस बऱ्याच आधी ओळखता येतात. ज्यांच्या घरी दम्याचं माणूस आहे, तान्हं बाळ आहे, त्यांना तरी हे नीट कळायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जे प्रश्न सारखे येतात ते इथे घेतलेत.

आमच्याकडे ना कारखाने ना ट्रॅफिक, मग हवा खराब होईल कशी?

होते, आणि काही दिवस तर मोठ्या शहराइतकी होते. काड आणि पाचट जाळल्याचा धूर, कोरड्या रानात रोटाव्हेटर फिरला की उठणारी माती, मळणीचा भुसा, कच्च्या रस्त्यावरून दिवसभर जाणारे ट्रॅक्टर, चुलीचा आणि शेकोटीचा धूर, डिझेल पंप, खतातून आणि गोठ्यातून सुटणारा अमोनिया, हे सगळं एकत्र येतं. शिवाय शेकडो किलोमीटरवरचा धूर वाऱ्याबरोबर येऊ शकतो, जवळपास कुठेच आग दिसत नाही, आभाळ नुसतं मळकट झालेलं असतं आणि लोक त्याला धुकं समजतात. धुकं ऊन वर आलं की विरतं. धूर दुपारी पण तसाच राहतो, लांबचं झाड राखाडी दिसतं, घसा खवखवतो.

पीएम १० आणि पीएम २.५ यात फरक काय, कुठला जास्त वाईट?

हवेत तरंगणाऱ्या कणांचे आकारावरून पाडलेले हे गट आहेत, पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन आणि त्याहून बारीक (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन आणि त्याहून बारीक. नांगरणीची, रस्त्याची धूळ बहुतेक जाड कणांची असते, ती नाकाघशात अडकते, शिंका येतात, डोळे चुरचुरतात. धुरातले कण बहुतेक सगळे २.५ च्या आतले, ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि त्यातले अगदी बारीक रक्तातही उतरतात, म्हणून धुराच्या दिवसांत नुसते दम्याचे नाही तर हार्टचे पेशंटही वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ज्या पातळ्या सुचवल्या त्यात पीएम २.५ साठी २४ तासांची सरासरी १५ आणि वर्षाची ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, पीएम १० साठी ४५ आणि १५. या आकड्यांच्या खाली राहणारी शेतीची गावं जगात फार नाहीत.

वर्षातला सगळ्यात वाईट काळ कोणता?

एकच सांगता येणार नाही, कारण वेगवेगळ्या दिवसांत वेगवेगळी गोष्ट वाढते. ढोबळ मानाने सांगायचं तर जिथे ठराविक पावसाळा असतो तिथे पाऊस संपल्यावर काढणी सुरू होते आणि तिथूनच हवा उतरणीला लागते, आधी हार्वेस्टरची आणि मळणीची धूळ, मग रान रिकामं करायची घाई आणि त्यातून आगी, आणि नेमकं त्याच वेळी थंडी सुरू होऊन वारा पडतो. हा काढणीनंतरचा आणि थंडीच्या पहिल्या भागाचा काळ माझ्या मते सगळ्यात जास्त जपायचा. पुढे ऐन थंडीत आगी कमी झाल्या तरी चुली, शेकोट्या आणि पडलेली हवा यांनी पहाट खराबच राहते.

थंडी संपली की वारं सुटतं, धूर पांगतो, पण आता रानं उघडी आणि कोरडी असतात त्यामुळे धुळीची पाळी येते. उन्हाळी दुपारी ओझोन हा छातीला त्रास देणारा वायू वाढतो. पहिला जोराचा पाऊस येईपर्यंत हे चालतं. जिथे वर्षभर थोडा थोडा पाऊस पडतो अशा थंड देशांत मात्र वेळापत्रक वेगळं, तिथे थंडी संपताना शेतात खत पडतं आणि हवा तेव्हा बिघडते.

थंडीत पहाटे धूर जमिनीलगतच का बसतो?

पहाटे गावाबाहेर जाऊन एखाद्या चुलीच्या धुराकडे थोडा वेळ बघा. धूर सरळ वर चढतो, छपरापेक्षा थोडा उंच जातो आणि तिथे एकदम आडवा होतो, मग तसाच चपटा पसरत शेतावर येऊन थांबतो. त्या उंचीवर हवेचं झाकण असतं. रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन पटापट थंड होते, तिला लागून असलेली हवा पण थंड आणि जड होते, वरची हवा मात्र त्यामानाने गरम राहते. नेहमी खालची हवा गरम असते म्हणून ती वर जाते आणि धूर घेऊन जाते, इथे उलटं झालेलं असतं म्हणून खालचं खालीच राहतं.

दिवसा हीच हवा हजार-दोन हजार मीटर उंचीपर्यंत ढवळली जाते, थंडीच्या रात्री ती जेमतेम शंभर-दोनशे मीटरच्या थरात कोंडते, कधी त्याहून कमी. म्हणजे धूर तेवढाच निघाला तरी आपल्या नाकाशी त्याचं प्रमाण कित्येक पट होतं. सूर्य वर येऊन जमीन तापली की साधारण दहा-अकराच्या पुढे हे सुटायला लागतं. खोलगट जागा, नदीकाठ, डोंगराच्या कुशीतलं गाव असेल तर आणखी उशीर, कारण थंड हवा उतारावरून खाली येऊन तिथेच साठते. संध्याकाळी पेटवलेली आग म्हणूनच सगळ्यात वाईट, तिचा धूर अख्खी रात्र गावावर बसून राहतो.

मग पहाटे चालायला जाऊ नये का?

थंडीत आणि काढणीच्या दिवसांत पहाटेपेक्षा दुपारी उशिरा, साधारण तीन ते पाच, बरं. उन्हाळ्यात उलटं, तेव्हा सकाळ चांगली.

ॲपमध्ये एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, ठीक दाखवतो पण इथे तर डोळे जळतात, कोण खोटं?

खोटं कोणीच नाही, पण तो आकडा तुमच्या गावाचा असेलच असं नाही. खेड्यांत मोजणी केंद्रं फार कमी आहेत, त्यामुळे बरीच ॲप्स जवळच्या शहरातलं केंद्र, उपग्रह आणि कॉम्प्युटरचा अंदाज मिळून एका मोठ्या चौकोनाला एकच आकडा देतात. शेजारच्या शेतात लागलेली आग त्या चौकोनात हरवून जाते. दुसरं म्हणजे एक्यूआय बऱ्याच ठिकाणी २४ तासांच्या सरासरीवर काढतात, म्हणजे संध्याकाळी सातला धूर कितीही दाटला तरी आकडा सावकाश चढतो आणि सकाळी हवा मोकळी झाली तरी सावकाश उतरतो.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, प्रत्येक देशाची एक्यूआयची पट्टी वेगळी आहे. पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी ६० असेल तर भारताच्या पट्टीवर एक्यूआय १०० येतो आणि तो 'समाधानकारक' मध्ये मोडतो, तीच हवा अमेरिकेच्या पट्टीवर १५० च्या पुढे जाते आणि 'आरोग्याला घातक' ठरते. हवा तीच, फुप्फुसं तीच. म्हणून ॲपमध्ये एक्यूआय न बघता सरळ पीएम २.५ किती मायक्रोग्रॅम आहे ते बघायची सवय लावा, बहुतेक ॲपमध्ये खाली कुठेतरी असतं.

घरी छोटा सेन्सर लावला तर उपयोग होतो का?

होतो, पण त्याला काय कळतं आणि काय कळत नाही ते ठाऊक पाहिजे. स्वस्त सेन्सर कणांवर लेझरचा उजेड टाकून, तो किती विखुरतो त्यावरून अंदाज बांधतात. धूर त्यांना बऱ्यापैकी पकडता येतो, जाड धूळ नाही, म्हणून समोर रान नांगरताना डोळ्यासमोर लोट उठतोय आणि सेन्सरवर पीएम १० चा आकडा फारसा हललाच नाही असं होतं. दुसरी अडचण दमट हवेची, धुक्यात कण पाणी शोषून फुगतात आणि रीडिंग उगाच जास्त येतं. त्यामुळे नेमक्या आकड्यापेक्षा चढउतार बघा, काल याच वेळी किती होतं, आज किती. सेन्सर छपराखाली, माणसाच्या उंचीपेक्षा थोडा वर, चुलीपासून आणि रस्त्यापासून लांब लावा, नाहीतर तुम्ही गावाची नाही, स्वतःच्या स्वयंपाकघराची हवा मोजत बसाल.

काड एकच दिवस तर जाळतो, त्याने एवढं काय होतं?

एका शेताची आग तास-दोन तासांत विझते हे खरं आहे, पण पीक सगळ्यांचं एकाच वेळी निघतं, पुढच्या पेरणीची घाई सगळ्यांना एकाच वेळी असते, त्यामुळे आगी पण एकाच आठवड्यात लागतात. त्यात काड ओलसर असलं की ते पेटत नाही, धुमसतं, आणि धुमसणाऱ्या काडाचा धूर पेटलेल्या काडापेक्षा कितीतरी जास्त घाण असतो. उत्तर भारताचं उदाहरण बघा. पंजाबात २००९ साली भूजल वाचवायचा कायदा झाला, भाताची लावणी उशिरा करायला लावली, हेतू चांगला होता, पण लावणी पुढे गेली म्हणून काढणी पुढे गेली, गव्हाच्या पेरणीआधी हातात उरणारे दिवस कमी झाले आणि आगी ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरवर गेल्या, म्हणजे बरोबर त्या दिवसांवर जेव्हा वारा पडतो आणि हवा खाली कोंडते. आगीपेक्षा आगीची वेळ किती महत्त्वाची असते ते यातून दिसतं.

आणि जमिनीचं नुकसान वेगळंच. एक टन भाताच्या काडात साधारण ५ ते ८ किलो नत्र आणि १२ ते १७ किलो पालाश असतो. जाळलं की नत्र बहुतेक सगळं हवेत जातं, पालाश राखेत उरतो पण ती राख वाऱ्याने कुठे जाते कोणाला माहीत, आणि सेंद्रिय कर्ब तर गेलाच. खत विकत आणायचं आणि घरचं खत पेटवून द्यायचं, हे बघून खरंच जीव तुटतो.

मग शेतकऱ्याने करायचं काय, काड डोक्यावर घेऊन फिरायचं का?

राग बरोबर आहे, नुसतं 'जाळू नका' म्हणणाऱ्याने पुढची पेरणी कशी करायची ते पण सांगावं. काड रानातच ठेवून त्यातून थेट पेरणी करणारी यंत्रं आहेत, हॅपी सीडर त्यातलंच. हार्वेस्टरच्या मागे काड बारीक करून सारखं पसरवणारी जोडणी मिळते, ती नसेल तर काडाच्या ओळी पडतात आणि पेरणीयंत्र त्यात अडकतं, मग माणूस शेवटी काडेपेटी काढतोच. गाठी बांधून चाऱ्याला, अंथरायला, इंधनाला देता येतं. उसाचं पाचट सरीत दाबता येतं. यातलं प्रत्येक काम यंत्र वेळेवर मिळालं तरच जमतं, अडतं बहुतेक तिथेच. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९३ पासून काड जाळायला बंदी आहे, ब्राझीलच्या साओ पाउलो राज्याने २००२ च्या कायद्याने ऊस पेटवून तोडणं टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलं आणि ते यंत्राने तोडणी वाढली तसं जमत गेलं. नुसत्या दंडाने कुठेच जमलेलं नाही असं माझं मत आहे.

उपग्रहावर आग दिसली नाही म्हणजे आग लागलीच नाही ना?

नाही. आगी मोजणारे काही मुख्य उपग्रह दुपारी दीडच्या आसपास वरून जातात. आग चारला लागली, सहाला विझली, तर त्यांना दिसणारच नाही. ढग किंवा दाट धूर असला तरी सुटते.

युरियाचा आणि हवेचा काय संबंध?

फार जवळचा आहे आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं. युरिया ओलसर जमिनीवर फेकून तसाच सोडला की दाणा विरघळतो, जमिनीतली विकरं त्याचा अमोनिया करतात, आणि वर ऊन असेल, जमीन चुनखडीची असेल तर त्यातला बराच भाग पिकाला न मिळता उडून जातो. शेणाच्या ढिगातून, गोठ्यातून पण अमोनिया सुटतो. जगात हवेत जाणाऱ्या अमोनियातला ८० टक्क्यांहून जास्त शेती आणि पशुपालनातून येतो. तो वर जाऊन गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातून तयार झालेल्या आम्लांशी जुळतो आणि त्याचे बारीक क्षारकण बनतात, तेच पुन्हा पीएम २.५. थंड आणि दमट हवेत हे जास्त होतं. मार्च २०१४ मध्ये पॅरिसवर दाट मळभ आलं, गाड्यांना सम-विषम लावायची वेळ आली, त्या कणांत शेतातल्या अमोनियाचा मोठा वाटा होता. उपाय साधा आहे, युरिया मातीआड करा किंवा टाकल्या टाकल्या तो मातीत मुरेल इतकं पाणी द्या, आणि सगळा एकदम न देता विभागून द्या. खताचे पैसे पण वाचतात.

पाऊस पडला की हवा धुऊन निघते ना?

जाड धूळ निघते, चांगलीच निघते. अगदी बारीक कण पावसाच्या थेंबाला चुकवून तरंगत राहतात, ते सलग पाऊस आणि वारा असेल तर कमी होतात. चार थेंब पडून गेले तर फारसं काही होत नाही.

वादळी पावसात दम्याचा त्रास वाढतो म्हणतात, खरं आहे का?

खरं आहे. गवत फुलोऱ्यात असताना वादळ आलं तर परागकण ओल्या हवेत फुटून बारीक होतात आणि छातीत खोलवर जातात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला २१ नोव्हेंबर २०१६ ला असं झालं, हजारो लोक हॉस्पिटलात गेले आणि १० जण दगावले. त्यातल्या कित्येकांना आधी दमा आहे हे माहीतच नव्हतं. ज्यांना परागकणांची ॲलर्जी आहे त्यांनी वादळ येताना दिसलं की घरात यायचं, दारं-खिडक्या लावायच्या.

उन्हाळ्यात धूर नाही, धूळ नाही, तरी दुपारी छाती का भरते?

बहुधा ओझोन. तो कुठून सोडला जात नाही, कडक उन्हात नायट्रोजनचे वायू आणि इंधनातून, झाडांतून निघणारी वाफ यांच्यातून तयार होतो. गंमत नाही, खरंच असं होतं की शहरातून निघालेली हवा वाऱ्याने खेड्याकडे येईपर्यंत तिच्यात ओझोन वाढलेला असतो आणि भर शहरापेक्षा गावात जास्त निघतो. पिकांना पण तो लागतो, गहू आणि सोयाबीन त्याला नाजूक, पानांवर बारीक ठिपके येतात आणि उतारा घटतो. मास्कने ओझोन थांबत नाही, दुपारची जड कामं सकाळी उरकणं हाच उपाय.

नांगरणीची धूळ कमी करता येते का?

वाफसा असताना, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी अशी असताना नांगरा, निम्मी कटकट तिथेच संपते. पार कोरड्या रानात, सोसाट्याचं वारं असताना रोटाव्हेटर घालणं म्हणजे वरची सगळ्यात चांगली माती दुसऱ्याच्या शेतात पाठवणं. बांधावर झाडांची ओळ, रान उघडं न ठेवता काहीतरी आच्छादन, आणि कच्च्या रस्त्यावर ट्रॅक्टर हळू चालवणं.

मळणीच्या दिवशी संध्याकाळी ताप आणि खोकला येतो, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, हे काय?

याकडे कानाडोळा करू नका. बुरशी आलेलं गवत, पेंढा, धान्य हलवलं की त्यातून जी धूळ उडते ती काही जणांच्या फुप्फुसात ॲलर्जीसारखी सूज आणते. त्रास लगेच होत नाही, चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, धाप, म्हणून माणूस फ्लू समजतो आणि धुळीशी त्याचा संबंध लावतच नाही. वर्षानुवर्षं असं होत राहिलं तर फुप्फुसं कायमची कडक होतात. डॉक्टरकडे गेलात तर 'मळणी केली होती, पेंढा बुरसटलेला होता' हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. मळणीयंत्राच्या भुसा पडायच्या तोंडासमोर उभं राहू नका, वारा पाठीवर घ्या, आणि पेंढा नीट वाळवूनच रचा.

तोंडाला रुमाल बांधला तर चालतं ना?

जाड धुळीला थोडा चालतो, धुराला नाही. एन९५ किंवा एफएफपी२ मास्क घट्ट बसला तर बारीक कणांतले ९४-९५ टक्के अडवतो, पण दाढी असेल किंवा नाकाशी फट राहिली तर हवा तिथूनच येते. ओला झाला, चेपला, श्वास जड यायला लागला की बदलायचा. आणि फवारणीला हा मास्क पुरत नाही, औषधाची वाफ त्यातून आत येते, त्याला वेगळं वाफ शोषणारं फिल्टर लागतं.

फवारणी सकाळी शांत हवेत केली तर औषध उडत नाही, बरोबर ना?

वारा बिलकुल नाही आणि धूर आडवा पसरलाय अशा वेळी उलट थांबा. बारीक थेंब खाली बसत नाहीत, त्या कोंडलेल्या थरात तरंगतात आणि सावकाश वस्तीकडे सरकतात. हलकी झुळूक हवी, वस्तीपासून लांब जाणारी. नोझल जाड थेंबाचा घ्या, दाब कमी ठेवा.

धुराच्या दिवसांत घरात काय करायचं?

धूर दाटलेला असताना दारं-खिडक्या बंद, दुपारी हवा मोकळी झाली की उघडा. घरात एक खोली ठरवा, तिथे म्हातारी माणसं आणि लहान मुलं झोपतील, फटी कापडाने बुजवा, झाडू मारण्याऐवजी ओलं फडकं फिरवा, अगरबत्ती आणि डासांची कॉइल त्या खोलीत नको. हेपा फिल्टरचं, म्हणजे हवेतले बारीक कण अडवणारं यंत्र असेल तर खोलीच्या मापाचं घ्या. नसेल तर चौकोनी पंख्याला चांगले फिल्टर जोडून बनवलेलं साधन पण बऱ्यापैकी काम करतं. ओझोन सोडणारं यंत्र घेऊ नका. आणि चूल आत पेटत असेल तर आधी तिचं बघा, बाहेरच्या आगीपेक्षा घरातल्या बाईच्या आणि मुलांच्या छातीत तोच धूर रोज जातो.

डॉक्टरकडे कधी जायचं?

बोलताना वाक्य पुरं होत नाही, ओठ किंवा नखं निळसर, छातीत दुखतंय, दम्याचा पंप घेऊनही घरघर थांबत नाही, बाळ श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, यातलं काहीही दिसलं की लगेच. दम्याच्या माणसाने काढणी सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांना भेटून औषध ठरवून घ्यावं, त्रास वाढल्यावर नाही.

शेजारी जाळतो, सांगायला गेलं की भांडण होतं, काय करू?

आग लागलेली असताना जाऊच नका, तेव्हा त्याचं काड पेटलेलं असतं आणि तुमचं डोकं. काढणीच्या महिनाभर आधी बोला, त्याच्याकडे यंत्र आहे का, नसेल तर दोघा-चौघांनी मिळून आणायचं का, गाठी घेणारं कोणी आहे का ते विचारा. घरात आजारी माणूस असेल तर ते सरळ सांगा, बहुतेक माणसं ऐकतात. आणि तरीही तो जाळणारच असेल तर निदान कोणत्या दिवशी ते आधी कळवायला सांगा, म्हणजे त्या दिवशी तुम्हाला म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना दुसऱ्या घरी पाठवता येईल.